हळू चालली की बंद पडते

मिस्त्रींच्या गॅरेजात कुणी बिघडलेली गाडी आणली, की मिस्त्री आधी गाडीकडे बघत नसत, आणणाऱ्याकडे बघत. "गाडी खेचत नाही हो," असं सांगताना ज्याची दोन बोटं सवयीनं क्लचवर टेकलेली असत, त्याच्या क्लचच्या प्लेटा झिजल्या असणार, हे त्यांना गाडीला हात लावण्याआधीच कळे. तरी ते लगेच बोलत नसत. गाडी उभी करून, खाली बसून, सगळं रीतसर तपासत आणि मग उठून एकच वाक्य सांगत. त्या वाक्यासाठी माणसं बाकावर अर्धा अर्धा तास बसून राहत.

एकतीस वर्षं हेच चाललं होतं. घराला लागून पत्र्याच्या छपराचं गॅरेज, दोहोंच्या मध्ये एक दार आणि त्या दाराशी पायपुसणं. तेलकट पायांनी घरात यायचं नाही, हा बायकोचा कायदा. गॅरेजातला कायदा मिस्त्रींचा. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ ओढलेली. एखादा पाना जागेवर नसला की ती रिकामी रेघ त्यांना पडलेल्या दातासारखी दिसे आणि तो सापडेपर्यंत पुढचं काम सुचत नसे.

अशा माणसाला हात टेकायला लावलं ते त्यांच्या पोटच्या लेकीच्या गाडीनं.

लेक एकुलती एक. पाणी तपासण्याचं शिक्षण घेतलेली, बोलायला फटकळ, वागायला जबाबदार. तिची गाडी म्हणजे राखाडी रंगाची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली स्पोर्ट मोटरसायकल. पुढून खाली दबलेली, मागून वर उचललेली. "नांगी वर करून बसलेला विंचू घरात आणलाय," असं आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि नंतर रोज संध्याकाळी त्याच विंचवाच्या आवाजाकडे कान लावून बसू लागली होती.

मंगळवारी लेकीला नोकरीचं पत्र आलं. सव्वादोनशे किलोमीटरवर काम. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरी, टाक्या, नळ यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणायचं आणि तपासायचं. स्वतःचं वाहन हवं, अशी पत्रातच अट. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणजे रविवारी सकाळी निघायला हवं. घरात आनंदीआनंद झाला. आईनं त्याच भरात दोन वेळा डाळीत मीठ घातलं. आणि ती खारट डाळ खाता खाता लेक सहज बोलावं तसं बोलून गेली, "बाबा, गाडी जरा बघून द्या हं. मध्येच बंद पडते. हळू चालली की."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने."

"आणि आज सांगतेस?"

"मला वाटलं, पेट्रोल खराब असेल. दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. पण परवा चौकातच बंद पडली. मागून टेम्पो येत होता."

आईचा हात पातेल्यात तसाच राहिला. "किती मागून?"

"येत होता मागून. थांबला ना पण, आई."

"तो थांबला म्हणून तू इथं डाळ खात बसलीयेस."

मिस्त्रींच्या मनात हिशेब स्पष्ट झाला. गाडी नसेल तर नोकरी नाही. आणि गाडी असून ती अशीच राहिली, तर रोज अनोळखी रस्त्यांवर, रोज अनोळखी चौकांत, आणि प्रत्येक टेम्पोवाला थांबेलच असं नाही. चार दिवस हातात होते. चार दिवसांत एकतीस वर्षांच्या माणसाला एक बिघाड सापडणार नाही का?

बुधवारी सकाळी त्यांनी गाडी आत घेतली आणि लेकीला पहिला प्रश्न विचारला, "किती वेगात बंद पडते?"

"दहा-पंधरा. कधी त्याहून कमी."

झालं. मिस्त्रींनी हळू चालणारं इंजिन म्हणजे काय काय असतं, ते सगळं डोळ्यांपुढे आणलं. हवा कमी पडत असेल, म्हणून एअर फिल्टर काढून झटकला. तो स्वच्छ होता. पेट्रोल आत सोडणारं तोंड काजळलं असेल, म्हणून ते उघडून पुसलं. थोडी काजळी निघाली तेव्हा त्यांना बरं वाटलं. प्लग नवे घातले. मग गाडी सुरू करून ते गॅरेजासमोरच्या सरळ रस्त्यानं पाण्याच्या टाकीपर्यंत निघाले. वेग दहा. ती गाडी दहाच्या वेगानं चालवणं म्हणजे धावपटूला रांगायला लावणं. मनगटं दुखायला लागली. मागून एक निवृत्त पोस्टमन सायकलवरून आले आणि त्यांना ओलांडून पुढे गेले.

"मिस्त्री, ढकलू का?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"पुढे बघा, पडाल."

टाकीपाशी रस्ता संपतो. तिथं मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं, उतरले, गाडी हातानं ढकलत मागेपुढे करून तोंड फिरवलं, पुन्हा बसले आणि परत आले. ही त्यांना उस्तादांनी लावलेली सवय. शिकत असताना पहिल्याच महिन्यात एका डॉक्टरांची भारी मोटरसायकल चालवून बघताना, अरुंद जागी वळताना त्यांनी ती आडवी केली होती. उस्तादांनी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "दुसऱ्याची गाडी सरळ चालवायची. वळवायची ती पायी." ते वाक्य मिस्त्रींच्या अंगात असं मुरलं, की आपण हे करतो हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. श्वास घेतो हे माणसाच्या कुठं ध्यानात असतं!

सहा फेऱ्या झाल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही.

"झाली," ते घरात येऊन म्हणाले. "काजळी होती."

संध्याकाळी लेक दुकानात जाऊन आली. हेल्मेट काढायच्या आत म्हणाली, "पडली."

"कुठं?"

"गल्लीच्या तोंडाशी."

"वेग किती होता?"

"बाबा, मी पाय टेकू की काटा बघू?"

गुरुवारी मिस्त्रींनी गाडी अशी सोलली, की आईनं दारातून बघून विचारलं, "हिच्यातली अजून किती ठेवणार आहात?" पेट्रोलची टाकी उतरवली. तिच्यातल्या पंपाचा दाब मोजला, बरोबर होता. स्टँड खाली असलं तर गाडी बंद करणारी एक कळ असते. ती हलवून, ठोकून, मीटर लावून पाहिली, शाबूत होती. बॅटरीची टोकं घासली. सगळं परत बसवलं आणि टाकीपर्यंत आठ फेऱ्या मारल्या. गाडी शहाण्या मुलीसारखी वागली. दुपारी लेक ती घेऊन पोस्टात गेली आणि पोस्टाच्या फाटकात गाडी बंद पडली.

बाकावर दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन बसली होती. त्यातल्या एकानं सहानुभूतीनं विचारलं, "मिस्त्री, काय निघालं?" मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकाचा राग आला.

त्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत नुसते बसले. लोक म्हणत, यांच्याशी गाडी बोलते. आता त्यांना वाटलं, ही गाडी सगळ्या जगाशी बोलते. फक्त आपल्यासमोर आली की तोंड मिटून घेते.

शुक्रवारी त्यांनी जे केलं ते त्यांच्या बायकोला खरं वाटेना. ते गाडी घेऊन मेव्हण्याकडे गेले.

बायकोच्या धाकट्या भावाचं पुलापलीकडे चकचकीत वर्कशॉप होतं. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटावी. तिथं गाडीला वायर जोडून बिघाड सांगणारा स्कॅनर होता. त्या स्कॅनरला मिस्त्री गेली सहा वर्षं 'तुझा तो ज्योतिषी' म्हणत आले होते आणि सहा वर्षांत एकदाही त्यांनी त्या फरशीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

"या या, भावोजी! आज सूर्य कुठून उगवला?"

"तुझ्या ज्योतिष्याला विचार, हिला काय झालंय."

मेव्हणा मनाचा चांगला. त्यानं टोमणा एवढाच मारून घेतला आणि कामाला लागला. वायर जोडली. पडद्यावर आकडे धावले. मिस्त्री चष्मा लावून त्या आकड्यांकडे असे बघत होते, जसा परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलाचा बाप फळ्याकडे बघतो. मेव्हण्यानं पुन्हा एकदा सगळं तपासलं.

"काही नाही, भावोजी. ठणठणीत आहे."

"ठणठणीत गाडी रस्त्यात मरते?"

"एकही बिघाड नोंदलेला नाही. म्हणजे गाडीच्या मते गाडीला काही झालेलंच नाही."

"मग कुणाला झालंय? मला?"

मेव्हणा हसायला गेला, पण भावोजींचा चेहरा बघून थांबला. "दोन-चार दिवस ठेवून जा. चालवून बघतो."

"दोन-चार दिवस असते तर तुझ्याकडे आलो असतो का रे?" मिस्त्री म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ते कडू लागलं. मेव्हण्यानं मनाला लावून घेतलं नाही. फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ताईला सांगा, मी विचारलंय."

शनिवारी सकाळी मिस्त्री लेकीला म्हणाले, "उद्या बसनं जा. गाडी राहू दे."

"आणि सोमवारी विहिरींवर कशानं जाऊ? पोहत?"

"थोडे दिवस मागून घे."

"बाबा, पहिल्या दिवशीच सांगू की वाहन बंद आहे? माझ्या मागे यादीत चौघं आहेत. त्यांच्या गाड्या चालू आहेत."

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "नको जाऊस तर."

"आई!"

"बोलले आपलं. बोलायलाही बंदी आहे का?"

मग मिस्त्री उठले. त्यांना काही सुचलं होतं म्हणून नव्हे. काहीच सुचत नव्हतं म्हणून. म्हणाले, "चल. तू चालव. मी मागे बसतो."

त्या गाडीचं मागचं सीट म्हणजे पुढच्या सीटहून वीतभर उंच, वहीएवढा तुकडा. सत्तावन्न वर्षांचे मिस्त्री दुखऱ्या गुडघ्यासकट त्यावर चढले, तेव्हा आई हसू दाबायला आत निघून गेली. लेकीनं गाडी सुरू केली आणि टाकीकडे न जाता, ती रोज जायची तशी, अंगणातूनच डावीकडे वळवली. फाटक अरुंद म्हणून तिनं हँडल डावीकडे पुरतं वळवलं.

इंजिन गपकन बंद झालं. आचका नाही, खोकला नाही, बोलता बोलता माणसानं डोळे मिटावेत तसं. लेकीनं पाय टेकला, पण मागे बापाचं वजन उंचावर. तोल गेला आणि गाडी दोघांसकट हळूच फाटकाच्या खांबावर कलंडली.

"अगं बाई!" आई धावत आली. "लागलं का? कुणाला लागलं?"

लेकीचा पाय सुटा होता. मिस्त्रींचं ढोपर खरचटलं होतं. पण ते उठेचनात. मातीत बसल्या बसल्या ते गाडीच्या हँडलाकडे बघत होते. हँडल अजून डावीकडे वळलेलं होतं.

"तू मला हे सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"काय नाही सांगितलं?"

"वळताना बंद पडते."

"हळू चालली की पडते म्हणाले ना! वळताना हळूच चालवणार ना मी?"

चार दिवस मिस्त्रींनी वेग विचारला होता. हँडल कुठं होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. चौक, गल्लीचं तोंड, पोस्टाचं फाटक: सगळीकडे वळण होतं. आणि ते स्वतः दर फेरीला टाकीपाशी, आदल्या दिवशी मेव्हण्याच्या फाटकातसुद्धा, इंजिन बंद करून, उतरून, गाडी पायी वळवत होते.

गाडी आत आली. आता हात भराभर चालले. हँडलाच्या उजव्या मुठीपाशी इंजिन बंद करायचं लाल बटण असतं. त्याच्या वायरी गाडीच्या मानेजवळून खाली जातात. हँडल डावीकडे वळलं की त्या ताणल्या जातात. मिस्त्रींनी त्या बोटांत धरून दाबत दाबत वर नेल्या. एका जागी वायर बाहेरून धडधाकट, पण आतून पोकळ लागली. आतली तार तुटलेली. हँडल सरळ असलं की टोकाला टोक चिकटायचं, वळलं की सुटायचं. म्हणून स्कॅनरलाही काही दिसलं नाही. त्याच्या लेखी कुणीतरी बटण दाबून गाडी बंद केली होती.

आणि वायर तुटली होती तिथं एक काळी प्लास्टिकची दातेरी पट्टी आवळून बांधलेली होती. पट्टीचं टोक इतकं साफ कापलेलं, की बोट फिरवलं तरी टोचू नये. असं टोक त्या भागात एकच माणूस कापायचा. गेल्या वर्षी हॉर्न बदलताना मिस्त्रींना त्या लोंबत्या वायरी बघवल्या नव्हत्या. त्यांनी त्या नीट जुळवल्या, आवळल्या आणि बांधल्या. वायरींना हलायला थोडी ढील लागते, हे ते इतरांच्या गाड्यांत कधी विसरले नव्हते. लेकीची गाडी जरा जास्तच नीटनेटकी दिसावी, म्हणून त्यांनी पट्टी एक दात पुढे ओढली होती.

आई दारात उभी होती. "सापडलं?"

"सापडलं."

"काय होतं?"

"मी."

तिला कळलं नाही. त्यांनी पट्टी दाखवली, सगळं सांगितलं. लेकही ऐकत होती. ती काही लागेल असं बोलेल, याची ते वाट बघत होते. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ढोपराला हळद लावा आधी." आणि आत जाऊन बॅग भरू लागली.

मिस्त्रींनी नवी वायर घातली, डाख दिला, ढिली सोडली. मग उस्तादांच्या आत्म्याची क्षमा मागून चालू गाडी अंगणात वळवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चाळीस वेळा वळवली. गाडी बंद पडली नाही. पण गेले चार दिवसही त्यांच्या हाती ती कुठं पडली होती? एक तुटकी तार सापडली होती, हे खरं. तीच एक होती का, हे त्यांना सांगता येईना. मंगळवारपर्यंत त्यांना आपल्या हातावर जो भरवसा होता, तो त्या पट्टीबरोबर कापून टोपलीत पडला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी गाडीची उरलेली प्रत्येक वायर बोटांत धरून पाहिली, आणि प्रत्येक वायर त्यांना कधी चांगली वाटे, कधी पोकळ.

रविवारी सकाळी लेक जॅकेट घालून तयार झाली. आईनं डबा बांधून दिला, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि "पाणीच तपासायला चाललीये आणि पाणी घरून नेतेय" म्हणून स्वतःच हसली. डोळे मात्र भरलेले.

"बाबा," लेक हेल्मेट हातात धरून म्हणाली, "आता नाही ना पडणार बंद?"

बाकावर बसलेल्या कितीतरी लोकांनी हा प्रश्न त्यांना विचारला होता. उत्तर देताना ते कधी अडखळले नव्हते.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जाताना मुलीला असं कुणी सांगतं का! लेकीनं थोडा वेळ त्यांच्या ढोपराकडे पाहिलं. मग हेल्मेट चढवलं. "ठीक आहे. वळताना सांभाळून जाईन." तिनं फाटकातून हँडल डावीकडे पुरतं वळवलं. मिस्त्रींनी श्वास धरला. गाडी वळली, गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, मग दुसऱ्या गाड्यांच्या आवाजात मिसळला.

त्या दिवशी एक स्कूटर आली होती. तिचा मालक बाकावर बसून काहीतरी सांगत होता. मिस्त्रींनी त्याला तीनदा विचारलं, "काय म्हणालात?"

दुपारी अडीचला फोन वाजला. आईनंच उचलला. "पोचलीस? ... जेवलीस? ... खोली कशी आहे? ... नळाला पाणी आहे ना?" मिस्त्री पाय न पुसता दारातून आत आले आणि शेजारी उभे राहून हातानं वळवल्याची खूण करू लागले. शेवटी आईनं फोन त्यांच्या हातात दिला. "विचारा तुम्हीच एकदाचं."

"पडली का बंद?"

"नाही बाबा. छान आली." मग जरा थांबून, "एकदाच पडली. जेवणासाठी थांबले होते तिथून निघताना. पण ते माझ्याच हातून झालं, क्लच पटकन सुटला."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हँडल सरळ होतं तेव्हा, की वळलेलं?"

पलीकडे कुठंतरी बादलीत पाणी पडत होतं.

"आठवत नाही हो, बाबा."

"आठव ना जरा. रस्त्याला लागत होतीस का? कुठल्या बाजूला वळत होतीस?"

"खरंच नाही आठवत. मागून गाड्या येत होत्या, मी लगेच सुरू केली. ठेवू का आता? घरमालकीण चावी घेऊन उभ्या आहेत."

"ठेव," मिस्त्री म्हणाले.